सर्द : घरातली बंदूक आणि हवेतले पाणी

‘सर्द’ हा शब्द आजच्या मराठीत मागे पडत चालला आहे. त्याचे भावंड ‘सर्दी’ टिकून आहे, पण ते नाकापुरते. फारसीत ‘सर्द’ म्हणजे थंड. मराठीत आल्यावर मात्र या शब्दाने थंडपणाबरोबर ओलसरपणाही घेतला आणि हळूहळू ओलसरपणाच त्याचा मुख्य अर्थ झाला. भिंत सर्द असते, जमीन सर्द असते, पावसाळ्यात मीठ सर्द होते. थंड या अर्थाचा शब्द दमट या अर्थाकडे सरकला, यात केवळ भाषेचा ढिसाळपणा आहे असे कुणाला वाटेल. प्रत्यक्षात या अर्थांतरात एक निरीक्षण दडले आहे, आणि ते किती अचूक आहे हे मला एका गंजलेल्या बंदुकीमुळे कळले.

माझे आजोळ दक्षिण कोकणातले. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी घरात परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. आजोबांच्या हयातीत ती माजघरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर आडवी असे. भिंतीच्या पलीकडे चूल होती. आजोबा वरचेवर बंदूक खाली उतरवून तेलाच्या चिंधीने पुसत. तो त्यांच्या संध्याकाळच्या कामांपैकीच एक भाग होता. ते गेल्यावर परवाना मामांच्या नावावर झाला. घरात लहान मुले वावरू लागली होती. बंदूक अशी उघडी ठेवणे बरे नव्हे, हा मामांचा विचार अगदी योग्यच होता. त्यांनी पोलादी कपाट आणले, ते पडवीच्या बाहेरच्या भिंतीशी पक्के केले, आत बंदूक ठेवून कुलूप लावले. नोकरीमुळे पुढचे दोन दसरे त्यांना गावी येता आले नाही. तिसऱ्या वर्षी खंडेनवमीला कपाट उघडले, तेव्हा नळीवर तांबड्या गंजाची पुटे होती आणि दस्त्यावर पांढरी बुरशी. मामा नुसते एवढेच म्हणाले, “इतकी जपून ठेवली होती.”

या वाक्याने मला बरेच दिवस सोडले नाही. जपून ठेवणे म्हणजे काय, याचे दोन वेगळे अर्थ त्या भिंतीवर आणि त्या कपाटात होते. पुढचे विवेचन या दोन अर्थांचा इतिहास आहे.

मराठीतला यासंबंधीचा एक मोलाचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतो. शिवछत्रपतींच्या काळापासून राज्यकारभार पाहिलेल्या या मुत्सद्द्याने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या गादीसाठी, राजनीतीचा हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातले दुर्गांविषयीचे प्रकरण साहित्याचे विद्यार्थी बहुधा त्याच्या भाषेच्या डौलासाठी वाचतात. पण त्या डौलदार गद्यात दारूखान्याविषयीच्या सूचना एखाद्या अनुभवी कोठावळ्याने द्याव्यात तशा आहेत. दारूचे कोठार वस्तीला लागून नसावे, त्याला तळघर असावे, तळ गच्ची करून पक्का केलेला असावा, त्यावर लाकडी माच घालून दारूची मडकी माचेवर ठेवावीत, कशालाही सर्द लागू देऊ नये. यापुढची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, सगळा माल बाहेर काढून त्याला ऊब द्यावी आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा.

अमात्यांनी येथे तीन गोष्टी एकत्र आणल्या आहेत. माच म्हणजे थंड जमिनीपासून अंतर. मोहोर म्हणजे सुरक्षितता. आणि ठरावीक दिवसांनी मोहोर फोडणे म्हणजे लक्ष. कुलूप आणि कुलूप उघडण्याचे वेळापत्रक ही दोन्ही त्यांच्या लेखी एकाच आज्ञेची अंगे आहेत. पुढच्या तीनशे वर्षांत ती एकमेकांपासून कशी सुटली, ते पाहण्यासारखे आहे.

अमात्यांची चिंता मुख्यतः दारूची होती, आणि त्याला कारण होते. काळी बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक; साधारण पंचाहत्तर, पंधरा आणि दहा या प्रमाणात. शुद्ध सोरा हवेतले पाणी सहजासहजी ओढत नाही. पण मातीतून काढलेल्या सोऱ्यात मीठ आणि इतर क्षार मिसळलेले असतात, आणि ते पाण्याचे भुकेले असतात. कोळसाही सच्छिद्र. त्यामुळे दमट हवेत ठेवलेली दारू गोळा होते, सोरा विरघळून कडेला येतो आणि तिन्ही घटकांचे एकजीव मिश्रण मोडते. अशी दारू पुन्हा वाळवली तरी तिचा पूर्वीचा जोर परत येत नाही. २३ जून १७५७ रोजी पलाशीच्या मैदानावर दुपारी पावसाची सर आली. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीखाली झाकली आणि नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली, हे त्या लढाईच्या बहुतेक वर्णनांत येते. पलाशीचा निकाल केवळ पावसाने लावला असे कुणी म्हणणार नाही. फितुरीचा वाटा त्यात मोठा होता. तरीही त्या दुपारी ताडपत्री हे एक शस्त्रच होते. इंग्रजीत सज्ज राहण्याला ‘दारू कोरडी ठेवणे’ म्हणतात. हा उपदेश क्रॉमवेलच्या तोंडी घातला जातो. पण त्याला प्रसिद्धी मिळाली ती क्रॉमवेलच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, विल्यम ब्लॅकर याच्या १८३४ सालच्या कवितेमुळे.

तोड्याची बंदूक असो की चकमकीची, तिचे मर्मस्थान उघडे असे. नळीच्या कानाशी लहानशी वाटी, तिच्यात चिमूटभर रंजक, आणि ते पेटले तरच आतला बार उडणार. पावसाळी हवेत ही चिमूटच आधी दगा देई. चकमकीवर तेल पाजलेल्या चामड्याचे टोपण बांधणे, हा युरोपातल्या शिपायांचा आणि शिकाऱ्यांचा नेहमीचा उपाय होता. या दुखण्यावरचा खरा इलाज काढला तो एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावचे अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या रसायनावर चालणाऱ्या चापाचे पेटंट घेतले. पाणपक्ष्यांच्या शिकारीचा त्यांना नाद होता. रंजकाचा भपकारा दिसताच पक्षी सावध होतात, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या कल्पनेतून पुढे तांब्याची टोपी आली, आणि मागाहून धातूचे बंद काडतूस आले. काडतुसाने दारूचा प्रश्न जवळजवळ मिटवला. तीनही घटक धातूच्या कवचात गेले आणि हवेशी त्यांचा संबंध तुटला.

येथे इतिहासाला एक वळण मिळते. दारू सुरक्षित झाली, तेव्हा ओल लोखंडाकडे वळली. किंबहुना नव्या टोपीने तिला मदतच केली. त्या काळच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत राही. हा पदार्थ आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. तो हवेतले पाणी ओढतो आणि पोलादाला आतून खातो. तेलाने तो जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून जुन्या शिपायांना आधी उकळते पाणी नळीत ओतायला शिकवत, मग कोरडी चिंधी, मग तेल. गंजू नये म्हणून पाणी ओतायचे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण उकळत्या पाण्याने क्षार जातात आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होते. तेलही बहुधा ब्रह्मदेशच्या खनिज तेलापासून केलेले ‘रंगून ऑइल’ असे. जगातल्या एका अतिपावसाळी देशाच्या भूमीतून निघालेले तेल ब्रिटिश फौजेच्या बंदुका ओलीपासून राखत होते, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. क्लोरेटविरहित टोप्या १९२०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत प्रचारात आल्या आणि मग हे स्नान हळूहळू विस्मृतीत गेले.

आता मूळ शब्दाकडे येऊ. थंड आणि ओले यांचे नाते काय? लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांचा दवावरील निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला. दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते, हा जुना वाद होता. वेल्स यांनी लोकरीचे तोलून घेतलेले पुंजके रात्री बागेत निरनिराळ्या ठिकाणी ठेवले, सकाळी पुन्हा तोलले, आणि सोबत तापमापकाने गारवा मोजला. त्यांचा निष्कर्ष असा, की दव पडतही नाही आणि चढतही नाही. निरभ्र रात्री वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकून आसपासच्या हवेहून थंड होते आणि तिला टेकलेल्या हवेतले बाष्प तिच्यावरच पाणी होऊन बसते. म्हणजे वस्तू थंड असते म्हणून ओली होते. ओली असते म्हणून थंड वाटते हा पुढचा भाग. फारसी ‘सर्द’ला दमट करून घेणाऱ्या मराठी माणसाने वेल्स यांचा निबंध वाचलेला नव्हता; त्याने भिंतीला हात लावला होता.

पोलाद या नियमाचे ठळक उदाहरण आहे. ते उष्णता चटकन घेते आणि चटकन सोडते. रात्री बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट थंड होते. सकाळी दार उघडून उबदार, दमट हवा आत येते आणि नळीवर, चष्म्यावर वाफ धरावी तसा थर धरतो. वीस अंशांची आणि सत्तर टक्के आर्द्रतेची हवा साडेचौदा अंशांच्या धातूला टेकली की पाणी सुटू लागते. पण गंजायला पाणी दिसावेच लागते असे नाही. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत केलेल्या प्रयोगांतून दिसले, की हवेत अशुद्धी असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांपलीकडे जाताच लोखंडाच्या गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे याच्या कितीतरी वर असते. आजोबांच्या बंदुकीची ‘कोरडी’ दिसणारी नळी त्या कपाटात रोज थोडी थोडी खाल्ली जात होती.

कपाट आले कुठून? एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या ग्रामीण घरात शिकारीची बंदूक चुलाण्यावरच्या भिंतीवर असे. सधन घरांत स्वतंत्र खोली किंवा काचेच्या दाराचे लाकडी कपाट असे. या सर्व जागा उघड्या, हवेशीर आणि नजरेसमोरच्या. पोलादी बंद कपाट घराघरांत शिरले ते ओलीसाठी नव्हे, माणसांसाठी. ऑगस्ट १९८७ मध्ये हंगरफर्ड येथे एका परवानाधारकाने केलेल्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९८८ साली कायदा कडक केला आणि छऱ्याच्या बंदुकाही सुरक्षित कुलपात ठेवणे परवान्याची अट झाली. १९९२ साली तेथे अशा कपाटांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय मानक निघाले. आपल्याकडे १८७८ आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यांच्या परंपरेत २०१६ च्या नियमांनी सुरक्षित साठवणुकीची जबाबदारी परवानाधारकावर स्पष्टपणे टाकली. हे सर्व आवश्यक होते. एका मुलाचा जीव वाचत असेल तर शंभर नळ्या गंजल्या तरी चालतील, यात दुमत होण्याचे कारण नाही. पण माणसापासून शस्त्र दूर ठेवण्यासाठी केलेली पेटी हवेपासून ते दूर ठेवीलच, हा समज मात्र त्यासोबत नकळत रुजला.

तो समज चुकीचा आहे, हे साध्या हिशेबाने कळते. मामांच्या कपाटाचे आतले घनफळ पाव घनमीटरहूनही कमी होते. एवढ्या हवेत, तीस अंशांना, पूर्ण संपृक्त अवस्थेतही जेमतेम चमचा-दीड चमचा पाणी मावते. मग दोन वर्षे पुरेल इतकी ओल आली कुठून? एक तर कपाट श्वास घेते. दिवसा आतली हवा तापून फटींतून बाहेर जाते, रात्री गार होऊन बाहेरची दमट हवा आत येते. रोज एक श्वास. दुसरे म्हणजे आतले अस्तर. बंदुकीला ओरखडा पडू नये म्हणून लाकडाची चौकट, बनातीचे कापड, चामड्याची खोळ असे काहीबाही आत घातलेले असते. पाच किलो लाकूड ऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेत राहिले तर पन्नास टक्क्यांच्या हवेतील स्थितीपेक्षा सुमारे तीनशे ग्रॅम पाणी अधिक धरून बसते. म्हणजे हवेत एक चमचा आणि लाकडात पेलाभर. जी वस्तू मऊ आणि मायेची वाटते, तीच ओलीची कोठी असते. चामड्याची खोळ तर पावसाळ्यात बंदुकीची वैरीण म्हणावी लागेल.

यावरचे आजचे उपाय पाहिले, की अमात्य पुन्हा आठवतात. कपाटाच्या तळाशी दहा-वीस वॅटची विजेची कांडी बसवतात. ती पाणी शोषत नाही, केवळ ऊब देते. वीस अंश आणि ऐंशी टक्के असलेली हवा चोवीस अंशांवर नेली, तर पाण्याचा एक थेंबही न काढता तिची सापेक्ष आर्द्रता त्रेसष्ट टक्क्यांच्या आसपास उतरते. शिवाय धातू हवेहून थंड राहत नाही. दुसरा उपाय सिलिका जेलचा. वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ साली पेटंट घेतलेले हे रवाळ द्रव्य पाणी शोषते. पण पोट भरले की थांबते, आणि मग ते बाहेर काढून तापवून कोरडे करावे लागते. तिसरा उपाय पातळ तेलाचा. तेही पुसून पुन्हा लावावे लागते, नाहीतर घट्ट होऊन धूळ धरते. त्याखेरीज आर्द्रतामापक ठेवणे, कपाट बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीशी, जमिनीपासून उचलून ठेवणे, बाहेरून आणलेली ओली बंदूक तशीच आत न ठेवता आधी आपल्या नजरेसमोर खोलीच्या उबेला येऊ देणे, या साध्या गोष्टी. जमिनीपासून अंतर, ऊब, आणि ठरावीक दिवसांनी येणारा माणूस. तीन शतकांच्या रसायनशास्त्रानंतर आपण पुन्हा माच, ऊब आणि हवालदार यांच्यापाशीच येऊन पोहोचतो.

यातली हवालदाराची जागा परंपरेने पंचांगाला दिली होती, असे मला वाटते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मोहिमा थांबत, दसऱ्याला सीमोल्लंघन होई, आणि त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला शस्त्रे पुजली जात. पूजेसाठी शस्त्र बाहेर काढावे लागते, घासावे लागते, उजेडात ठेवावे लागते. धार्मिक अर्थ आपल्या जागी; पण पाऊस सरताच प्रत्येक घरातले लोखंड एकदा तरी हाताखालून जाईल, अशी ही व्यवस्था होती. कोडगू प्रांतात हे अधिक स्पष्ट दिसते. तेथील कोडवांना शस्त्र कायद्यातून एकोणिसाव्या शतकापासून सवलत आहे; २०१९ साली केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. भातलावणीच्या, धो धो पावसाच्या दिवसांत तेथे शस्त्रे देवघरात ठेवलेली असतात, आणि सप्टेंबरच्या आरंभी ‘कैलपोळ्द’ या सणाला ती बाहेर काढून, स्वच्छ करून, त्यांच्या नळीत एक फूल खोचले जाते. ते फूल आपल्याकडची कळलावी. ते फुलते पावसाळ्यातच, त्यामुळे त्या सणापुरता पाऊस आणि बंदूक यांचा समेट झाल्यासारखा वाटतो.

साहित्याच्या अभ्यासकांना हा सगळा प्रकार अनोळखी वाटू नये. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनवतो, की हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राख. बंदुकीचा रक्षक असलेले तेल पोथीचा शत्रू आहे. पण पाणी दोघींचेही वैरी. आणि दोघींची शोकांतिकाही सारखीच. कित्येक घराण्यांतली दप्तरे आदराने पेटीत बंद झाली, पेटीवर हळदकुंकू वाहिले गेले, आणि उघडली तेव्हा पानांची ढेप झालेली होती. नष्ट झाली ती उपेक्षेने म्हणावे तर तसेही नाही. ती जपून ठेवल्यामुळे नष्ट झाली. बंद करण्याच्या क्रियेने आपल्याला कर्तव्य संपल्याचे समाधान मिळते. त्या समाधानाच्या सावलीत वस्तू सर्द होत जाते.

मामांनी बंदूक दुरुस्त करून घेतली; नळीवरचे खड्डे मात्र कायमचे राहिले. ती पुन्हा भिंतीवर गेली नाही, आणि जाऊही नये. कपाट तेवढे पडवीतून आतल्या भिंतीशी आले, तळाला फळीचा माच आला, चामड्याची खोळ गेली. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मामींनी पंचांगाचे पान चिकटवले आहे. दर पंधरवड्याला, कुलूप उघडून पुसापुशी झाली, की त्यावर एक खूण पडते. आज्ञापत्र त्या घरात कुणी वाचलेले नाही.